फलाटावरच्या पोराकडे कानाडोळा: नोकरदारांसाठी काही उपयुक्त सूचना

मराठवाड्याकडून रात्रभर धावत आलेली गाडी सकाळी दादरला निम्मी रिकामी होते. बोचकी, कच्चीबच्ची, तुरीच्या डाळीच्या पिशव्या, मांडीवर लोणच्याची बरणी सांभाळत आलेली आजी, सगळं खाली उतरतं, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत होते आणि दहा मिनिटांत फलाट मोकळा. मागे उरतो एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. गोची इथेच आहे. उरलेलं पोर दिसलं की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि काही करायला गेलं की ठरलेली फास्ट हुकते. पुढच्या सूचना अशा सज्जनांसाठी आहेत, ज्यांना वाईटही वाटून घ्यायचंय आणि लेटमार्कही नकोय.

ज्याच्याकडे कानाडोळा करायचा तो आधी ओळखता यायला हवा, नाहीतर भलत्याकडेच दुर्लक्ष व्हायचं. कॉलेजला निघालेलं पोर इंडिकेटरकडे बघतं; आपलं हे पोर गाडीकडे बघतं. चार लोकल येऊन जातात तरी बाकावरून उठत नाही. पाठीला शाळेचं दप्तर असतं, पण आत पुस्तकं नसतात. एक सदरा आणि एक टॉवेल असतो, म्हणून ते पोकळ लोंबतं. स्टॉलपाशी जाऊन चहा केवढ्याला विचारतं आणि उत्तर ऐकून नळाकडे वळतं. पँट बहुतेक वेळा शाळेचीच, कारण घरातून निघताना सर्वांत धड तीच असते.

शंका राहिलीच तर पायांकडे बघा. चप्पल हे या कामातलं घड्याळ आहे. पायात चप्पल असेल तर पोर आजच उतरलेलं आहे. पहिल्या रात्री ते चप्पल बाकाखाली काढून झोपतं आणि सकाळी ती नसते. दुसरी मिळालीच, तर ती उशाला घेऊन झोपायचं हे ते एका रात्रीत शिकतं. तेव्हा अनवाणी पोर दिसलं की निश्चिंत व्हा: आपण निदान एका दिवसानं उशीर केलेला आहे, आता आणखी दहा मिनिटांनी काय बिघडणार?

आता दया. दया आवरत नसेल तर दहा रुपये द्या, पण उभ्यानं द्या आणि थांबू नका. दहा रुपयांचा मोठा गुण असा की ते रात्र बघत नाहीत. फलाटावर झोपलेल्या लहान पोराचे खिसे मोठी पोरं रात्रीतून तपासतात, म्हणून कमावलेलं अंधार पडायच्या आत संपवायचं, हा तिथला पहिला अर्थशास्त्रीय नियम. बाटल्या वेचून भंगारवाल्याकडून मिळालेले ऐंशी रुपये पोर एका संध्याकाळी व्हिडिओ गेमवर आणि चायनीजवर उडवतं, तेव्हा आपण म्हणतो, ‘बघा, पैसे दिले की असं होतं.’ बरोबरच आहे. त्याला बँकेत खातं उघडायला काय झालं होतं?

दयेच्या जोडीला उपदेश हवा. ‘घरी जा बाळा, आई वाट बघत असेल,’ एवढं वाक्य पुरेसं आहे. घरी कोण मारतं, दारू कोण पितं, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोर कुणाच्या दारात जेवत होतं, दहावीच्या निकालाच्या दिवशी काय झालं, हे चुकूनही विचारू नये. उत्तर मिळालं तर ऐकावं लागतं. आणि वाक्य कानावर घेत नसेल तर मुंबईकरांचा जुना रामबाण काढा: ‘डोंगरीला टाकतील हां!’ आपल्या पिढ्यान्‌पिढ्या डोंगरीच्या बालगृहाच्या धाकावर दूध प्यायल्या, हे पोरही नीट घाबरेल. यापुढे खाकी गणवेश दिसला किंवा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं ओळखपत्र गळ्यात घातलेली ताई दिसली की ते रुळांवरून पलीकडे पळेल. ज्या दोन माणसांकडून त्याला त्या रात्री अंथरूण मिळायची शक्यता होती, त्यांच्यापासून आपण त्याला असं कायमचं सोडवलेलं असतं.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे त्याच्या शेजारी बसणं. उभं राहून विचारलं तर पोर ‘मामाकडे आलोय’ म्हणतं आणि विषय मिटतो. बाकावर हातभर अंतर ठेवून बसलात, हात धरला नाहीत, ‘पळून आलास का रे?’ ऐवजी ‘जेवलास का? कुठल्या गाडीनं आलास?’ एवढंच विचारलंत, वडापाव आणून पाच मिनिटं गप्प राहिलात, तर ते बोलायला लागतं हो. मग गावाचं नाव निघतं, शाळेचं निघतं, कधीकधी आईचा मोबाइल नंबरही निघतो. एवढी माहिती डोक्यात घेऊन माणूस ऑफिसात बसणार कसा?

त्यातूनही एखाद्याचा हात १०९८ कडे जातोच. हा मुलांच्या मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. आता तो सरकारी यंत्रणा चालवते. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. म्हणजे ‘बॅलन्स नव्हता’ ही सबब गेली. पण फोन करूनही काही होऊ नये अशी सोय आहे. ‘दादरला एक मुलगा आहे’ एवढं सांगून ठेवून द्यावं. तिकडून खोदून विचारतील: फलाट कितवा, कल्याणच्या टोकाला की सीएसएमटीच्या, कुठल्या स्टॉलसमोर, अंगात काय, वय अंदाजे किती, भाषा कोणती, आणि आम्ही येईपर्यंत तुम्ही थांबाल का? हा शेवटचा प्रश्न खरा जीवघेणा. माणूस पोहोचेपर्यंत पोर दोन फलाट बदलतं, म्हणून कुणीतरी लांबून नजर ठेवावी लागते. दादरला पूर्वी एक बरं होतं: ‘एक नंबरचा फलाट’ म्हटलं की पश्चिम रेल्वेचा की मध्यचा, यात समोरचा गोंधळायचा. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर देऊन तीही पळवाट बंद केली.

पोलिसांत सांगायचं ठरलंच, तर रेल्वे सुरक्षा दलाला ‘हे लोहमार्ग पोलिसांचं काम’ आणि लोहमार्ग पोलिसांना ‘हे रेल्वे सुरक्षा दलाचं काम’ असं आपणच सुचवावं. मुळात पोर दोघांपैकी कुणाकडेही दिलं तरी चालतं, ही बाब गुलदस्त्यात ठेवावी.

कायद्याची भीती मात्र बाळगू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ३२ बारकाईनं वाचा. हरवलेलं, टाकून दिलेलं, निराधार मूल ज्याला सापडलं आणि ज्यानं ते आपल्या ताब्यात घेतलं, त्यानं चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, १०९८ ला, पोलिसांना किंवा अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीला कळवायचं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला ‘ताब्यात’ हा शब्द सज्जनांसाठीच ठेवला असावा. पोर नुसतं बघितलं तर गुन्हा नाही; त्याला घरी नेऊन आंघोळ घातली, दोन दिवस जेवू घातलं आणि कुणाला सांगितलं नाही, तर आहे. म्हणून भल्या माणसानं ताब्यातच घेऊ नये. घ्यावंसं वाटलंच तर व्हिडिओत घ्यावं.

व्हिडिओ जमतो सगळ्यांनाच. चेहरा जवळून, डोळ्यांत पाणी, गावाचं नाव, ‘शेअर करा, आईपर्यंत पोहोचू द्या’. त्याच अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगतं, पण लाइक्सच्या गर्दीत कलमं कोण मोजतो? ज्याच्या माराला भिऊन पोर पळालं, त्यालाही पोर कुठल्या स्टेशनवर आहे हे घरबसल्या कळतं, हा व्हिडिओचा जादा फायदा.

दूरदृष्टीचे लोक याच्याही पुढे जातात आणि पोराला ‘कामाला लावतात’. ओळखीचं हॉटेल असतं, लग्नसराईत केटरिंगवाल्याला वाढपी हवे असतात, राहायला माळा मिळतो. वय विचारलं तर ‘चौदा पूर्ण’ म्हणायचं, कारण चौदाच्या आतल्याला कामावर ठेवायला बंदी आहे, आणि चौदा ते अठराला फक्त धोक्याच्या कामांना. उकळत्या कढईशेजारी रात्री दोनपर्यंत उभं राहणं धोक्याचं वाटू नये म्हणून त्याला ‘शिकतोय’ म्हणतात. पगार हातात द्यायचा नाही: ‘उडवेल, दिवाळीला एकदम देऊ.’ मुलाची कमाई अशी अडकवून ठेवणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा आणि एक लाख दंडाचा गुन्हा आहे. मालक मात्र त्याला बचत म्हणतो, आणि पोर पळालं की बचत मालकाची.

‘मुलगा आहे, त्याला काय होतंय?’ हे वाक्य पाठ करा. मुलगी एकटी दिसली तर निदान चार बायका वळून बघतात. मुलग्यासाठी या वाक्यानं काम भागतं. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. तो फरक आपण करतो. फलाटावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा गृहस्थ येतो, बिर्याणी देतो, मोबाइल बघायला देतो, ‘माझ्या खोलीवर झोप’ म्हणतो. कुणी हटकलंच तर सांगतो, ‘माझा भाचा आहे.’ तेव्हा पोराला बाजूला घेऊन मामाचं नाव आणि मामाला बहिणीचं नाव विचारावं अशी एक वाईट खोड काही हमालांना आणि चहावाल्यांना आहे. दोन साधे प्रश्न, आणि मामा जिन्यानं उतरून जातो. आपण सुशिक्षित माणसं. परक्याच्या घरगुती गोष्टीत पडत नाही.

मामा टाळायला पोरं यार्डात, उभ्या डब्यांवर चढून झोपायला बघतात. वर २५,००० व्होल्टची तार असते. तिला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी वीज झेप घेते. खाली राहिलं तर सोल्यूशन, म्हणजे नशेसाठी हुंगायचं व्हाइटनर-थिनर, आहेच. पोरं ते चैन म्हणून ओढतात असं मानणं सोयीचं पडतं. भूक, थंडी आणि रात्रीची भीती तिन्ही त्यानं बोथट होतात, आणि कधीकधी हृदयाचा ठोका एकाएकी चुकून पोर जागच्या जागी जातं, हे मनात आणू नये. व्हाइटनर-थिनरच्या बाटल्यांच्या किरकोळ विक्रीवर २०१२ मध्येच बंदी आलेली आहे, म्हणजे तो प्रश्न कागदावर सुटलेला आहे. टपरीवरून पोराच्या हाती बिडी देणाऱ्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाल्याला हे सांगितलंत तर तो हसून तुम्हालाही एक देईल.

एवढं करूनही एखादं पोर बाल कल्याण समितीपुढे पोहोचलंच, तर शेवटचा उपाय सरकारी आहे: लगेच घरी पाठवा. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसायला हवी, बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं, पंधरा दिवसांत घरची सामाजिक चौकशी व्हायला हवी. ही चौकशी वगळली की काम भराभर होतं. बाप येतो, कागदावर अंगठा देतो, फाइल बंद. घरातला पट्टा जिथे होता तिथेच टांगलेला असतो. पोर महिन्याभरात परत दादरला उतरतं, पण आता ते गाडीकडे बघत बसत नाही. त्याला नळ, गच्ची, भंगारवाला सगळं माहीत असतं, आणि ताईला चकवायचं कसं तेही. बालगृह म्हणजे काही आजोळ नव्हे, तिथूनही पोरं पळतात. पण पोर का पळालं हे विचारणारं एखादं माणूस तिथे निदान पगारावर असतं.

जाता जाता बेपत्ता मुलांच्या पत्रकांबद्दल. स्टेशनच्या चौकीबाहेर फळ्यावर ती डकवलेली असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितल्यापासून मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा असतो, त्यामुळे पत्रकं निघतात बऱ्यापैकी. फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, तेल लावून भांग पाडलेला. खाली उंची, रंग, बोलीभाषा, उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. ही व्रणाची ओळ वाचू नका, व्रण बदलत नाही. कपड्यांची ओळ वाचा. सदरा दुसऱ्याच दिवशी कुणाशी तरी बदललेला किंवा चोरीला गेलेला असतो. पत्रकात निळा चौकटीचा शर्ट लिहिलाय. फळ्याखाली भिंतीला टेकून, चप्पल उशाला घेऊन झोपलेल्याच्या अंगात लाल टीशर्ट आहे. म्हणजे हा तो नव्हे.