खश्माल आणि वीजतंत्री

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी लादण्यावरून रान पेटलं आणि २०२५च्या जूनअखेरीस सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. इथे इस्रायलच्या अश्दोद शहरात आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातल्या मराठी ज्यू मंडळींतही त्यावर तावातावानं बोलणं झालं. निर्णय मागे गेले याचा मला मनापासून आनंद आहे. पण वाद पहिलीच्या वर्गापाशीच थांबला, अकरावीच्या विज्ञानापर्यंत पोचला नाही, याची रुखरुख वाटते.

इथल्या हिब्रू भाषेतला रोजच्या वापरातला एक शब्द घ्या: खश्माल, म्हणजे वीज. बायबलमध्ये तो फक्त यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, तोही तीनदाच येतो. संदेष्ट्याला आगीच्या मधोमध काहीतरी लखलखताना दिसतं, ते खश्मालसारखं. नेमकं काय, यावर पंडितांचं आजही एकमत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर (झाडाच्या राळेचा पिवळसर खडा) हा शब्द आहे, आणि इलेक्ट्रिसिटीचं मूळही तेच. हा धागा पकडून एकोणिसाव्या शतकात यहूदा लेब गॉर्डन या कवीनं विजेसाठी खश्माल सुचवला. आज वीज कंपनी 'खेव्रत हाखश्माल', वायरमन 'खश्मलाय', आणि शॉक बसला की 'हितखश्मेल'. नामाचं चक्क क्रियापद झालं! माझ्याकडे फ्यूज बघायला आलेला वायरमन फोनवर घरच्यांशी रशियन बोलत होता. मधूनच 'खश्माल' मात्र हिब्रूच.

नुसता शब्द सुचवून भागत नाही. खुद्द आधुनिक हिब्रूचा जनक एलिएझर बेन-यहूदानं टोमॅटोला 'बादुरा' सुचवला, लोकांनी 'अगवानिया' उचलला. विज्ञानाच्या शब्दांना बळ मिळालं ते वर्गात. हैफाच्या तंत्रशिक्षण संस्थेत, आजच्या टेक्निऑनमध्ये, विज्ञान जर्मनमधून शिकवायचं असं १९१३ साली ठरलं, तेव्हा इथल्या शाळांतले शिक्षक आणि विद्यार्थी संपावर गेले. निर्णय फिरला, आणि १९२४ साली वर्ग सुरू झाले ते हिब्रूतून.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, आयटीआयच्या यादीत 'वीजतंत्री' आहे. घरी येतो तो मात्र इलेक्ट्रिशियन, कारण मराठी शाळेतलं हुशार पोरसुद्धा अकरावीला विज्ञान शाखेत गेलं की मराठी दप्तरातून बाहेर पडते.

इथली सक्ती जशीच्या तशी उचला, असं मी अजिबात म्हणणार नाही. हिब्रूच्या आग्रहात युरोपातून आलेल्या ज्यूंची यिद्दिश भाषा दडपली गेली. कोकणातून आलेल्या आमच्या पिढीनं इथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, पण आमच्या नातवंडांना ते वाचता येत नाही. हे दुखतं. महाराष्ट्रात तर कुणाची भाषा मोडायची गरजच नाही. २०२१पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळालेली आहे. आता त्याआधीची दोन वर्षं, म्हणजे अकरावी-बारावीचं विज्ञान, पुस्तकं आणि प्रश्नपत्रिकांसकट मराठीत मिळावं, यासाठी तसंच रान पेटवा.