रामफळ नर नाही आणि सीताफळ मादी नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय, रामफळ म्हणजे नर झाड आणि सीताफळ मादी, शेजारी रामफळ नसेल तर सीताफळाला फळ धरत नाही, शुगरवाल्यांनी सीताफळ सोडून रामफळ खावं, आणि बियांची पूड केसांना लावली की उवा जातात. लोक खरंच त्यावरनं रोपं आणायला लागलेत म्हणून लिहितोय.

पहिलं नर-मादीचं. पपईत नर झाड वेगळं असतं, पण इथं तसं नाही. अहो रामफळाला फळं लागतात, शिवरात्रीच्या पुढं बाजारात येतात, मग ते झाड नर कसं? दोन्ही अनोना कुळातल्याच पण वेगवेगळ्या जाती आहेत. सीताफळाला उठावदार डोळे, रामफळाची साल जवळपास गुळगुळीत, पान लांबट, झाडही उंच. आणि दोन्हींच्या प्रत्येक फुलात स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असतात.

मग फळ का धरत नाही? फूल अर्धवट उघडतं तेव्हा त्यातला स्त्रीकेसर तयार असतो पण पराग सुटलेला नसतो, आणि पाकळ्या पूर्ण उघडून पराग सुटतो तोवर स्त्रीकेसराची वेळ निघून गेलेली असते, म्हणजे एकाच फुलात काम जमत नाही, एका फुलातला पराग दुसऱ्यात न्यायला बारीक भुंगेरे लागतात. त्यात उन्हाळ्यातली कोरडी हवा, फुलं गळून जातात. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली की फळं धरायला लागतात, तोवर धीर धरा. घाई असेल तर पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग मऊ ब्रशनं सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलात लावा, दोन्ही फुलं सीताफळाचीच चालतात. रामफळाचा उपयोग आहे, पण तो वेगळा, त्याच्या खुंटावर सीताफळाचं कलम बांधतात.

शुगरचं तर अगदीच चुकीचं. 100 ग्रॅम गरात सीताफळाच्या साधारण 94 कॅलरी, रामफळाच्या 101. दोन्ही गोडच, शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

आणि बियांची पूड कृपा करून पोरींच्या डोक्याला लावू नका. उवा मरतात हे खरं असलं तरी ती विषारी आहे, धुताना डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, असं झालेले पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. गेलीच चुकून तर चोळू नका, भरपूर पाण्यानं डोळे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.