पाच ग्रॅमसाठी पाच वर्षं

ड्रग्जवर कडक कायदा करा, आत टाका सगळ्यांना, असं कुणी बोललं की मला पाच ग्रॅम आठवतात. पाच ग्रॅम म्हणजे चहात टाकतो तो एक चमचा साखर. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानंतर एवढं क्रॅक विकायला जवळ सापडलं की फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात किमान पाच वर्षं, जज्जचे हात बहुतेक वेळा बांधलेलेच. आणि पावडर कोकेनला तीच शिक्षा लागायला किती हवं, तर 500 ग्रॅम, अर्धा किलो! क्रॅक हे काही वेगळं विष नाही हो, तीच पावडर खायच्या सोड्यात न् पाण्यात शिजवली की त्याचे खडे होतात, पण खडे स्वस्त, सुट्टे मिळायचे, म्हणून गरीब काळ्या वस्त्यांत खपायचे.

लेन बायस नावाचा बास्केटबॉलपटू, बोस्टन सेल्टिक्सनं निवडल्यावर दोनच दिवसांत कोकेननं गेला, जून 1986. समोर निवडणूक, दोन्ही पक्षांना घाई, ऑक्टोबरात त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगनची सहीसुद्धा झाली. एका पोराच्या मरणाचं दुःख मी समजू शकते, पण त्या घाईची किंमत कुणी भरली? क्रॅक ओढणाऱ्यांत गोरेही भरपूर होते, तरी फेडरल कोर्टात क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत वर्षानुवर्षं दहातले आठ काळे. 1980 ला फेडरल तुरुंगांत 25 हजारांच्या आसपास कैदी होते, 2013 पर्यंत 2 लाखांच्या वर गेले, त्यातले निम्मे ड्रग्जच्या केसमधले. एवढ्या घरांतला बाप, मुलगा, कधी आईसुद्धा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. 2010 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, क्रॅक न् पावडरमधला 100 ला 1 चा फरक 18 ला 1 वर आणला, म्हणजे चूक मान्य केली ना? पण ज्यांना आधीच शिक्षा झालेली त्यांची किमान शिक्षा तशीच, त्यांच्यासाठी दार उघडायला 2018 उजाडलं. आठ वर्षं! त्यातही 2021 च्या टेरी खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की सगळ्यात कमी माल असलेल्यांना हा फायदा नाहीच, कारण त्यांच्या कलमातली शिक्षा कागदावर बदललेलीच नाही. खटला लढणाऱ्या टेरीकडे 4 ग्रॅमपेक्षा कमी क्रॅक होतं, आणि जुने गुन्हे धरून शिक्षा साडेपंधरा वर्षांच्या वर.

त्याच वर्षी हा फरक पूर्ण मिटवायचं बिल खालच्या सभागृहात 361 विरुद्ध 66 नं पास झालं, सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच.