अँबॅसिडर पद्मिनीच्या दुप्पट ताकदीची? थोडं थांबा

आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, अँबॅसिडर १८०० सीसी ७५ हॉर्सपॉवर आणि पद्मिनी १०८९ सीसी ४० हॉर्सपॉवर, म्हणून पद्मिनी म्हणजे नुसती शोभेची गाडी. आकडे खोटे नाहीत ओ, पण जोडी चुकीची लावलीय.

ते १८०० चं इसुझू (जपानी कंपनीचं) इंजिन अँबॅसिडरला १९९०च्या दशकात आलं. त्याआधी कित्येक वर्षं, म्हणजे आपल्या सात रस्ता चौकात ज्या अँबॅसिडर उभ्या असायच्या त्यांच्यात, पेट्रोलला १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन होतं, ताकद ५०च्या आसपास. आता वजन धरा. पद्मिनी ९०० किलोच्या आत-बाहेर, अँबॅसिडर ११००च्या वर, त्यात मागं चार पाहुणे आणि डिकीत चादरींचे गठ्ठे. किलोमागं ताकद काढली तर दोघी जवळपास सारख्याच निघतात, उगाच कशाला भांडायचं. मोकळ्या पुणे रोडला पद्मिनी काय अगदीच मागं राहायची नाही, पण बोजा घेऊन खड्ड्यातनं जायचं तर अँबॅसिडरच, हे मान्य.

फॉरवर्डच्या फोटोतली गाडी कुठली ते गिअरवरनं पण कळतं बघा. जुन्या १५०० पेट्रोलला स्टिअरिंगजवळ दांडा आणि चार गिअर, इसुझूवालीला पाच आणि दांडा खाली जमिनीवर. फॉरवर्डमधल्या आतल्या फोटोत दांडा स्टिअरिंगलाच दिसतोय की, आणि खाली लिहिलंय ७५ हॉर्सपॉवर!