बियाफ्रा: युद्ध संपल्यानंतरचे हिशेब
नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) हरलेल्या, पूर्व नायजेरियातील इग्बो समाजाचा आघात आपल्या बियाफ्रावरील लेखात प्रामुख्याने उपासमारीच्या अंगाने मांडला आहे. ते योग्यच, परंतु जानेवारी १९७० नंतर जे घडले ते एका ओळीत गुंडाळायला नको होते. ‘कोणी जेता नाही, कोणी पराजित नाही’ अशी ग्वाही नायजेरियाचे लष्करी शासक जनरल गोवॉन यांनी दिली खरी, पण युद्धकाळात ज्यांच्या बँक खात्यांवर व्यवहार झाले होते त्यांच्या हातावर, ठेव कितीही असो, सरसकट २० पौंड टेकवण्यात आले, आणि पोर्ट हारकोर्ट शहरातील इग्बोंची घरे ‘बेवारस मालमत्ता’ ठरवून इतरांच्या घशात गेली. असाबा येथील हत्याकांडाचा तर लेखात उल्लेखच नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये तेथील लोक पांढरी पारंपरिक वस्त्रे नेसून, ‘एक नायजेरिया’च्या घोषणा देत संघराज्याच्या सैन्याच्या स्वागताला निघाले होते, सैनिकांनी पुरुष आणि मुलगे वेगळे काढून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. (नायजरच्या पश्चिम तीरावरचे हे गाव बियाफ्राच्या मूळ हद्दीत नव्हतेही.) कित्येक दशके या मृतांचा सरकारी पातळीवर शोक झाला नाही, त्यामुळे आठवण घराघरांतच मुरत राहिली. ३० मे रोजी, बियाफ्राच्या स्वातंत्र्यघोषणेच्या दिवशी, इग्बोबहुल भागात दुकाने बंद असतात त्यामागे काही ठिकाणी दहशतही असते, हे मान्य. तरीही युद्ध न पाहिलेल्या, पण हा दिवस पाळणाऱ्या तरुणांना लेखात निव्वळ ‘चिथावलेले’ म्हणणे मला पटत नाही.