ॲडमिन, काहीतरी करा की!

पहाटे साडेपाचला फोन थरथरला. नाइट शिफ्टवाल्याचं काहीतरी अडलं असणार म्हणून डोळे चोळत बघितलं, तर ग्रुपवर आमच्या एका फाउंड्रीवाल्या आण्णांच्या नावानं 'लग्नपत्रिका'. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे पत्रिका नव्हेच, फोनात ॲप बसवणारी फाइल. आण्णांच्या घरात लग्नाचं कुणी उरलेलंच नाही, धाकटीच्या लग्नात गेल्या वैशाखात मी स्वतः जेवून आलोय. पत्रिकेखाली सात अंगठे, दोन 'हार्दिक शुभेच्छा', आणि एक महाभाग विचारतोय, "उघडंना ओ, परत पाठवा की."

परत पाठवा! कपाळावर हात मारून घेतला.

हा व्हॉट्सॲप ग्रुप मी मिरवायला काढलेला नाही. कोल्हापूरकडच्या औद्योगिक वसाहती, शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागलची पंचतारांकित, जिथं म्हणून सीएनसी नाहीतर व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन फिरतं तिथली ऑपरेटर पोरं, मशीनवर जॉब लावून देणारे सेटर, मेंटेनन्सवाले यात आहेत. लिंक उघडी ठेवलीय ती मुद्दाम. रात्री दोनला ज्याचं मशीन बसतं त्याची कुणाशी ओळख नसते. मागच्या महिन्यात हातकणंगल्याकडच्या एका पोरानं विचारलं, फॅनुकवर (मशीनच्या कंट्रोलरवर) ३०० नंबरचा अलार्म आलाय, जाईना. पठ्ठ्यानं मशीन बंद करून बॅटरी बदलली होती. ती पॉवर चालू ठेवून बदलायची असते, नाहीतर मशीन कुठं उभं आहे ते सांगणारा एन्कोडर आपली जागा विसरतो आणि रेफरन्स, म्हणजे मशीनची मूळ जागा, नव्यानं बसवावी लागते. हे सांगणारा जाणता माणूस जागा होता, दहा मिनिटांत त्यानं सगळं लिहूनही दिलं. पण त्यावर येऊन पडली 'घरबसल्या रोज ५००० कमवा', मग शेअरची टीप, मग कुणाच्या तरी नावानं आरटीओचं चलन. पोराला उत्तर दिसलंच नाही. सकाळी आठला परत तोच प्रश्न. तोवर मशीन उभं, आणि सुपरवायझर डोक्यावर.

तसं नुसत्या स्पॅमचं मला आता काही वाटत नाही. गुळाच्या ढेपेवर माशी बसणारच, माशीवर काय रागवायचं? एक नंबर काढला की दुसऱ्या नंबरानं तोच येतो. पाठवायला दमडी लागत नाही, हजारात एक गावला तरी त्याचं भागतं. धंदाही जुना आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या मार्केटिंगवाल्यानं अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या) जवळजवळ ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकगठ्ठा धाडली होती. लोक खवळले, त्याला समज मिळाली, आणि माल मात्र खपला असं तो पुढं सांगत राहिला. माल खपतोय म्हटल्यावर कोण थांबणार?

माझं डोकं फिरतं ते आपल्याच माणसांवर. ही पत्रिका काय आपोआप फोनात शिरत नाही. फोन आधी अडवतो, ही फाइल बाहेरची आहे म्हणतो. आपण सेटिंगमध्ये जाऊन आपल्या हातानं कडी काढतो. मग ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. लग्नपत्रिकेला तुझे एसएमएस कशाला पाहिजेत रं? रुखवतात मांडायला? पण आम्ही आपले अलाउ, अलाउ, अलाउ. आणि हे करणारा कोण, तर पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर टाकून, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत थांबत चालवून, एक हात फीड होल्डच्या, म्हणजे चाल थांबवायच्या बटणावर ठेवून, ऑफसेटच्या मापातला दशांशाचा पॉइंट तीनदा बघणारा सेटर! टूल जॉबात घुसेल म्हणून जीव मुठीत धरणारा माणूस बँकेचे ओटीपी मात्र परक्याच्या ओंजळीत घालून मोकळा होतो.

बरं, खातं रिकामं झाल्यावर तरी संपावं. तीच फाइल त्याच्याच नंबरावरनं त्याच्या सगळ्या ग्रुपांत जाते. परक्या नंबरानं आली असती तर चौघांनी शंका घेतली असती. आण्णांचं नाव दिसलं की अंगठा. २००० सालच्या मे महिन्यात फिलिपिन्समधनं निघालेला 'आय लव्ह यू'चा मेल असाच जगभर फिरला होता. प्रेमपत्राची फाइल दिसायला साधी टेक्स्ट, खरं शेपूट व्हीबीएस, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्रॅम, ते विंडोज लपवायचं. उघडली की ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना तुमच्या नावानं प्रेमपत्र. तेव्हा मी पॉलिटेक्निकला होतो, आणि असल्या फाइली उघडणाऱ्यांना येडे म्हणून हसायचो. पंचवीस वर्षांत प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, बाकी काही बदललं नाही.

आणि सावध करणारे! "मित्रांनो, ही फाइल उघडू नका, व्हायरस आहे." खाली तीच फाइल. फॉरवर्ड केलेली. पुराव्याला! मी एक डिलीट करेपर्यंत तीन सज्जनांनी तीन पुरावे जोडलेले असतात.

पेनड्राइव्हचं तर काढतच नाही. एकच पेनड्राइव्ह सगळ्या शॉपमध्ये फिरतो आणि मग सगळे ओरडतात, फोल्डरांचे शॉर्टकट झाले, प्रोग्रॅम गेले. कॅमच्या, म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरटी फाइल, टाकणारे वेगळेच. 'आधी ॲन्टिव्हायरस बंद करा' असं त्यातच लिहिलेलं असतं, आणि आमचा शहाणा ते इमानदारीत पाळतो.

एवढं सगळं झालं की वळतात माझ्याकडं. "ॲडमिन झोपलाय काय?" "ॲडमिन, काहीतरी करा की!" अरे, मलाही शिफ्ट आहे, घर आहे. कुणी म्हणतं, फक्त ॲडमिनलाच लिहू दे. मग तो ग्रुप कशाला, कंपनीच्या गेटवरचा नोटीस बोर्ड आहेच की! परवानगीशिवाय आत घ्यायचं नाही, हेही पंधरा दिवस करून बघितलं. नुसत्या नंबरावरनं सेटर कोण आणि लफंगा कोण कसं ओळखू? म्हणून प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचो, जी-५४ म्हणजे काय? लफंगे गप पळाले, ते खरं. पण एक वर्कशॉपवाले मामा भडकले, "तीस वर्षं लेथवर गेली माझी, आणि तू माझी परीक्षा घेतोस व्हय रं?" (मामांचं चुकलं नव्हतं. जी-५४ हा सीएनसीच्या प्रोग्रॅममधला, जॉबचं शून्य कुठं ते सांगणारा कोड. साध्या लेथवर तो कसला आलाय?) आणि रात्री दीडला आलेली एका पोराची विनंती मी सकाळी सातला बघितली. तोवर त्याचा स्पिंडल गार पडला होता. त्याच दिवशी लिंक परत उघडी केली. ती तशीच राहणार, कुणाला पटो न पटो.

तर आज पहाटे. फाइल डिलीट केली, आण्णांचा नंबर तात्पुरता बाहेर काढला आणि त्यांच्या पोराला उठवलं. म्हटलं, वडिलांच्या फोनचं नेट बंद कर, तुझ्या फोनवरनं बँकेला सांगून खातं थांबव आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लाव. पैसा पुढच्या खात्यातनं काढून घ्यायच्या आत कळवलं तर अडवता येतो, नंतर नुसता कागद. पोरगं धावपळीला लागलं, आणि मागनं आण्णांनी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला.

"ते पैशाचं बघतंय पोरगं," आण्णा म्हणाले. "पण लग्न कुणाचं हाय ते काय कळंना बघ. तुझ्यात उघडली काय?"