एक्सएमएलच्या पोटात जावास्क्रिप्ट

बिल्डची फाइल, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायची कृती, एक्सएमएल या टॅगांच्या भाषेत लिहायची, असं ज्याने ठरवलं त्याला मी शाप देत नाही. मेक या १९७६ सालच्या बिल्डच्या साधनात ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी स्पेस पडली की सगळं अडून बसायचं. जेम्स डंकन डेव्हिडसन त्यालाच वैतागला आणि त्याने एक्सएमएल वाचणारं बिल्डचं साधन लिहिलं, अँट. ते २००० साली जगापुढे आलं. पुढे त्यानेच कबूल केलं की, तेव्हा आजची अक्कल असती तर खरीखुरी स्क्रिप्टची भाषाच वापरली असती. त्याला सुचलं, पण उशिरा. तोवर आमचा प्रोजेक्ट सुरू झाला होता.

मी जळगावात घरी बसून हे सांभाळतो. मे महिन्यात ४५ अंशांत दुसरीकडे जाणार तरी कुठे? त्यात अमळनेरचे मामा मुक्कामाला आलेले. विप्रो १९४५ साली त्यांच्या गावात वनस्पती तुपावर सुरू झाली, एवढ्या आधारावर मामा अख्ख्या आयटीला घरचं खातं समजतात.

"काय करी राहिना रे भाऊ?"

"बिल्ड. म्हणजे भरीत पार्टी समजा. आधी कपाशीच्या काड्या, मग वांगी भाजायची, मग सोलून ठेचायची, मग फोडणी. आपण नुसतं 'फोडणी' म्हणायचं, मागचं सगळं त्याने आपोआप करायचं."

"अन् वांगा आधीच भाजेल व्हतीन तं?"

मी चाट पडलो. मुलाखतीला येणाऱ्या इंजिनियरांना हा प्रश्न सुचत नाही.

असो. फाइली कॉपी करणं, झिप करणं, जावा कंपाइल करणं याची तयार टास्क, म्हणजे कामाच्या आज्ञा, अँटकडे आहेत. आमच्या साहेबांना मात्र प्रोजेक्टमधल्या सर्वांत मोठ्या फाइलीचं नाव दर बिल्डला लॉगमध्ये हवं होतं. का, ते विचारायचं नसतं. सोवळ्यातला मार्ग असा: जावात क्लास लिहा, तो कंपाइल करा, मग टास्कडेफ नावाच्या टॅगने अँटशी त्याची ओळख करून द्या. थोडक्यात, बिल्ड करण्यासाठी आधी एक बिल्ड. आडवाट म्हणजे स्क्रिप्टडेफ हा टॅग. टास्कचं नाव द्या, ॲट्रिब्यूट सांगा आणि आत सरळ जावास्क्रिप्ट लिहा.

सरळ म्हणजे किती सरळ? दोन आकड्यांची तुलना करायला 'पेक्षा लहान'ची खूण टाकली की एक्सएमएलला वाटतं, नवा टॅग सुरू झाला. म्हणून अख्खी स्क्रिप्ट सीडेटामध्ये, म्हणजे 'आतलं टॅग समजू नकोस' असं सांगणाऱ्या वेष्टनात, गुंडाळायची. ॲट्रिब्यूटच्या नावात मधलं अक्षर हौसेने कॅपिटल ठेवलं, तर अँट ते गुपचूप लहान करतं. स्क्रिप्टमध्ये त्याच कॅपिटल अक्षराने हाक मारा, हातात नल, म्हणजे काहीच नाही. एरर नाही, कुरकुर नाही. मॅन्युअलमध्ये एका टिपेत हे लिहिलेलं आहे, म्हणजे कायद्याने अँट निर्दोष.

टास्क चालू लागलं. मग क्लायंटने नवं जावा टाकलं. जावा ८ सोबत आलेलं नॅशहॉर्न, म्हणजे आमची जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन, ११ मध्ये निवृत्तीच्या यादीत गेलं आणि २०२० साली १५ मधून काढूनच टाकलं. बिल्ड म्हणालं, जावास्क्रिप्टसाठी इंजिन तयार करता येत नाही. पाठोपाठ कूलर थांबला.

"लाइट गयी," मामांनी निदान केलं.

"मामा, इंजिन गेलं."

"तेबी गये?"

नॅशहॉर्न आता वेगळं मिळतं, पण एकटं येत नाही. एएसएम नावाच्या लायब्ररीच्या जार फाइली (जावाचे गठ्ठे) सोबत मागतं. लाइट आल्यावर सगळी मंडळी प्रोजेक्टच्याच लिब फोल्डरमध्ये बसवली, स्क्रिप्टडेफला क्लासपाथ, म्हणजे त्यांचा पत्ता, दिला आणि बिल्ड सोडलं. मामा चष्मा लावून शेजारी. हिरव्या अक्षरांत 'बिल्ड सक्सेसफुल' उमटलं. त्याच्या वरच्या ओळीत साहेबांना हवी असलेली माहितीही छापून आली. सर्वांत मोठी फाइल: नॅशहॉर्न.